धुतलेला डबा

मार्लिसनं तो डबा भांड्यांच्या साबणानं धुतला. नुसता नळाखाली धरून खळबळला असता तर एक वेळ निभावलं असतं, पण मार्लिसच्या हातून अर्धवट असं काही होतच नाही. तिनं दात घासायचा जुना ब्रश शोधून काढला, कोपरा न् कोपरा घासला, आणि तो वीतभरही नसलेला मालगाडीचा डबा कॉफीच्या कपांशेजारी जाळीवर निथळत ठेवला. आर्डिस नवऱ्याला, व्हर्लिनला, हाताच्या व्यायामाहून घेऊन आली, त्याला खुर्चीत बसवून स्वयंपाकघरात गेली, आणि डबा बघून दारातच थबकली.

"हे काय आहे, मार्लिस?"

"तळघर आवरायला घेतलंय. त्या मोठ्या टेबलावर होता बघ हा. शी, काय मळला होता गं. गंज काय, काजळी काय. एप्रिलपासून तिथं कुणी फडकंसुद्धा मारलेलं दिसत नाही."

आर्डिसनं कपाळाला हात लावला. तो मळ व्हर्लिननं चढवला होता. गेला अख्खा हिवाळा तो तळघरात बसून तेवढंच करत होता.

निल्सफोर्डमध्ये ज्यांच्या घरात हा छंद नाही, त्यांना हे पटवणं कठीण आहे. मालगाडीच्या डब्याचं मॉडेल बनवणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे तो मळवणं. नवा कोरा डबा खेळण्यातला दिसतो. खडूची पूड, पाण्यासारखा पातळ केलेला रंग आणि अगदी बारीक कुंचला घेऊन दाराच्या बिजागरीखाली गंजाचा ओघळ काढायचा, छतावर धुराची काजळी बसवायची, चाकांनी उडवलेला चिखल खालच्या फळ्यांवर आणायचा, तेव्हा कुठे तो रुळांवर उन्हापावसात फिरलेला वाटतो. गावातल्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात 'काय मळवलंय' ही सगळ्यात मोठी शाबासकी होती, आणि व्हर्लिन टॉलफसनसारखा मळवणारा आसपासच्या चार काउंट्यांत नव्हता. मार्लिस ही त्याचीच थोरली बहीण. भावाची शुश्रूषा करायला म्हणून फार्गोहून आली होती आणि घर आरशासारखं करूनच परत जायचं, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"गंज नव्हता तो," आर्डिस हळू आवाजात म्हणाली. "रंगवलेला होता."

मार्लिसनं डब्याकडे पाहिलं, मग आर्डिसकडे. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"घाण मुद्दाम रंगवतात?" मार्लिस खाली बसली. "अगं, मग कुणीतरी चिठ्ठी तरी लावून ठेवायची."

एप्रिलमध्ये व्हर्लिनला पक्षाघाताचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, आणि ती इतकी शाबूत होती की डुलुथच्या इस्पितळातल्या नर्सेसनी तो घरी गेला तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला असावा. पाय काठीच्या आधारानं चालू लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायामाच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यानं कुत्र्याला देऊन टाकला. उन्हाळाभर तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता. क्लबातून फोन आला की झोपलोय म्हणून सांगायला लावायचा. तळघराच्या पायऱ्या त्यानं एकदाही उतरल्या नाहीत. "हातांना काहीतरी करायला लावा," बाई दर खेपेला बजावायच्या, "मिस्टर टॉलफसन स्वतःहून काही करायला लागले नाहीत तर मी एकटी काय करणार?"

आर्डिसनं कामाचं ते टेबल जसंच्या तसं ठेवलं होतं. कुंचले, खडू, भिंग, आणि मधोमध तो डबा. एक दिवस तो आपणहून खाली जाईल, डबा बघेल आणि बसेल, एवढ्या एकाच आशेवर तिचे सहा महिने गेले होते. आता डबा विकत आणल्यासारखा चकचकीत झाला होता, एका बाजूची अक्षरं सोलून निघाली होती आणि छतावर माणसानं चालायची म्हणून बसवलेली बारीक पायफळी तुटली होती. हा जर त्यानं पाहिला तर तो पुन्हा कधी खाली जाणार नाही.

तिनं ओरिन हॉगनला फोन केला.

ओरिन म्हणजे गावातला न्हावी, आणि क्लबातल्या कामगाडीचा धनी. खऱ्या रेल्वेत डबा माल वाहून थकला की त्याला लगेच मोडीत काढत नाहीत. भिंतींत खिडक्या कापतात, आत शेगडी आणि बिछाने बसवतात, आणि रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची माणसं त्यात राहतात, रांधतात, अवजारं ठेवतात. ओरिननं क्लबातही तीच रीत पाडली होती. क्लबाचा नियमच असा की नवा डबा आधी तपासणीच्या रुळावर ठेवायचा, दुसऱ्या कुणीतरी पोलादी पट्टी लावून तो तपासायचा, आणि पास झाला तरच तो मुख्य गाडीला लागायचा. पट्टी बहुतेक वेळा व्हर्लिनच्याच हातात असायची. तीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांची मोजणी केलेला माणूस, केसाएवढा फरकही त्याला खपत नसे. जे डबे तो नापास करायचा ते ओरिन घेऊन जायचा, त्यांना खिडक्या कापून कामगाडीला जोडायचा. सगळ्यात जास्त नापास डबे अर्थातच ओरिनचे स्वतःचेच. व्हर्लिन त्या गाडीला 'ओरिनचा वृद्धाश्रम' म्हणायचा, आणि तेही ओरिनच्या तोंडावर.

ओरिन हरणाच्या मांसाचे सॉसेज घेऊन आला. बाहेरच्या खोलीत व्हर्लिनशी दोन शब्द बोलला, आणि पाणी तापवायच्या टाकीकडे बघतो म्हणून आर्डिसबरोबर खाली गेला. मागोमाग मार्लिसही उतरली.

"पुन्हा मळवता येईल का रे?" आर्डिसनं विचारलं.

ओरिननं डबा दिव्याखाली धरला, उलटासुलटा केला. "मळ मी चढवीन. पण तो माझा मळ होईल, त्याचा नाही. त्याला दारातून कळेल."

"मग काय करायचं?"

"मला दे. कामगाडीत चालेल. आणि त्याला सांग की..." ओरिननं डबा टेबलावर ठेवला. "काय सांगशील कुणास ठाऊक."

तळघरातलं बोलणं गरम हवेच्या नळातून थेट बाहेरच्या खोलीतल्या जाळीपर्यंत जातं, हे आर्डिसला त्या घरात एवढी वर्षं काढून पक्कं ठाऊक होतं. ऐन वेळी ती तेच विसरली.

"ओरिन," वरून आवाज आला, "जे काय लपवताय ते वर घेऊन ये. मी लुळा झालोय, बहिरा नाही."

तिघंही शाळेत पकडलेल्या पोरांसारखी ओळीनं वर आली. व्हर्लिननं डबा डाव्या तळव्यावर घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"छतावरची पायफळी कुठाय?"

"नळाखाली तुटली," मार्लिस म्हणाली. आयुष्यात कधी कुणापुढे मान खाली न घातलेली बाई ती, पण आता तिचे डोळे भरून आले होते. "डबीत ठेवलीय मी. व्हर्ल, मला खरंच वाटलं रे की मळलाय."

"मळलाच होता. चार महिने लागले होते मळवायला." त्यानं डबा पुढे केला. "घेऊन जा, ओरिन. आहे ना जागा तुझ्या वृद्धाश्रमात? मग झालं तर."

तो ओरडला असता, त्यानं काठी आपटली असती तर आर्डिसला बरं वाटलं असतं. तो इतक्या सहज बोलला की ती हबकली. हा डब्याबद्दल बोलत नाहीये, स्वतःबद्दल बोलतोय, हे तिला लख्ख कळलं, आणि तिनं सगळ्यांसाठी कॉफी ओतली.

ओरिनला मात्र त्यातलं काही कळलेलं दिसलं नाही. त्यानं खुर्ची ओढली, मार्लिसच्या लिंबाच्या वडीचा तुकडा तोंडात टाकला आणि खिशातून पेन्सिल काढली. "बरं तर. एक खिडकी इथं. एक इथं. आणि धुराडं दाराच्या वर."

व्हर्लिन खिडकीबाहेर बघत होता. "दाराच्या वर?" तो तिकडेच बघत म्हणाला.

"हो. छान दिसतं मधोमध."

"म्हणजे शेगडी दारात. माणसं आत कशी शिरणार? निखाऱ्यांवर पाय देत?"

"मग कुठं ठेवू?"

"कोपऱ्यात ठेव की. आणि बिछाने दुसऱ्या टोकाला."

"कुठल्या कोपऱ्यात? खूण करून दे."

"मला पेन्सिल धरता येत नाही, ओरिन."

"डाव्या हातात धर. मला कुठं चर्चमधलं चित्र काढून हवंय? एक खूण हवीय."

व्हर्लिननं पेन्सिल हिसकावली आणि छताच्या कोपऱ्यावर फराटा मारला. मग भिंतीवर खिडकीची जागा दाखवायला दुसरा. दोन्ही फराटे इतके वेडेवाकडे आले की त्यानं पेन्सिल ठेवून दिली. ओरिन उठला. बाहेर मोटारीत माझा कुत्रा बसलाय, तो डबा चघळेल, तेव्हा राहू दे आज, पुढच्या मंगळवारी क्लबाला जाताना नेतो, असं म्हणून निघून गेला. हे त्यानं जाणूनबुजून केलं की काय, याचा उलगडा आर्डिसला शेवटपर्यंत झाला नाही. कारण ओरिनच्या निम्म्या डब्यांची धुराडी खरोखरच दाराच्या वर होती.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर व्हर्लिन काठी टेकत तळघराच्या दाराशी उभा राहिला.

"मार्लिस, तू पुढं उतर. पडलो तर तुझ्यावर पडेन, एवढी भरपाई तुझ्याकडे निघते."

"पड की. माझी हाडं तुझ्यापेक्षा मजबूत आहेत," मार्लिस म्हणाली, आणि खरंच पाठीमागे हात पसरून एकेक पायरी उतरत गेली.

टेबलाशी बसल्यावर त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि वाळूची पिशवी ठेवावी तसा डब्यावर ठेवला. डबा हलेना. मग डाव्या हातात बारीक सुरी घेऊन तो खिडकी कापायला लागला. आर्डिसला मदत करायची फार इच्छा झाली, म्हणून तिनं हात पाठीमागे बांधले. तीन बाजू बऱ्या कापल्या गेल्या. चौथीला सुरी निसटली आणि खिडकीचा खालचा काठ तिरका उतरत गेला. व्हर्लिननं सुरी फेकली.

"झालं समाधान? सांग त्याला, घेऊन जा म्हणावं."

आर्डिसचा बांध फुटला. ती शांत बाई, चर्चच्या भोजनात कुणी तिचं ताट उचलून नेलं तरी हसून सोडणारी. पण त्या दिवशी तिनं काही मागं ठेवलं नाही.

"कसलं समाधान? सहा महिने त्या खुर्चीत तुला बघतेय मी. झोपलाय म्हणून लोकांना खोटं सांगतेय. तू दुसऱ्यांच्या खिडक्यांना जन्मभर पट्ट्या लावल्यास, त्याचं मला काही नाही. मला सरळ खिडकी नकोय, व्हर्लिन. मला तू इथं, या टेबलाशी बसलेला हवायस. वाकडं काप, तिरकं काप, डब्याचे तुकडे कर. पण वर जाऊन त्या खुर्चीत बसू नकोस. मला नाही बघवत आता."

मार्लिस पायऱ्यांवर बसली होती, तिनं नजर दुसरीकडे वळवली. वर कुत्रा इकडून तिकडे फिरत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"सुरी दे," व्हर्लिन म्हणाला. "तुझ्या पायाशी पडलीय."

तिनं सुरी उचलून दिली.

त्या आठवड्यात तो रोज खाली उतरला. दुसरी खिडकी पहिलीपेक्षा जरा बरी निघाली. धुराड्यासाठी त्यानं कोक प्यायच्या नळीचा तुकडा घेतला, तो चिकटवताना स्वतःची दोन बोटंही चिकटवून घेतली, आणि सोडवता सोडवता इतक्या शिव्या घातल्या की आर्डिसला जुने दिवस आठवून बरं वाटलं. डब्याला त्यानं कामगाडीचा करडा रंग दिला. आता मळवायची पाळी आली, आणि एका हातानं पूड धरून दुसऱ्यानं कुंचला फिरवणं त्याला जमेना, म्हणून त्यानं मार्लिसला बसवलं.

"छतावर काजळी दे. धुराड्यापाशी जास्त, मग कमी कमी."

मार्लिसनं काळी पूड घेतली, कुंचल्यानं बेतानं पसरली, आणि दुसऱ्या क्षणी कमरेला खोचलेल्या रुमालानं पुसून टाकली.

"पुसलीस का?"

"हात आपोआप गेला रे."

"हात मांडीखाली दाबून बस. पुन्हा दे."

तिनं पुन्हा दिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एखादी वस्तू हातानं घाण केली होती, आणि संध्याकाळपर्यंत ती इतकी रंगात आली की व्हर्लिनला तिच्या हातून पूड काढून घ्यावी लागली. उजव्या हाताचं बोट हललं वगैरे चमत्कार काही झाला नाही. पण व्यायामाच्या बाईंना त्या हाताच्या नखांत करडा रंग दिसला, तेव्हा त्यांनी चेंडूची चौकशी केली नाही.

मंगळवारी ओरिन डबा न्यायला आला. व्हर्लिन कोट चढवून दारातच बसला होता. "मीच आणतोय," एवढंच तो म्हणाला. आर्डिसनं गाडी काढली. तिला वाटलं होतं, आता भीती संपली. पण रस्त्यात तिच्या लक्षात आलं की खरी कसोटी अजून व्हायचीच आहे. तळघरात वाकडी खिडकी दोन बायकांनी पाहिली होती. आता ती ज्यांचे डबे त्यानं वर्षानुवर्षं परत पाठवले ते सगळे बघणार होते. एखादा नको तिथं हसला, एखाद्यानं नको तेवढी कीव केली, की हा उद्या पुन्हा त्या खुर्चीत. ती गाडी इतकी सावकाश चालवत होती की मागच्यानं दोनदा भोंगा वाजवला.

क्लब जुन्या धान्यकोठाराच्या कचेरीत भरतो. आत शिरताच बोलणं थांबलं. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी कॉफी आणून दिली. एप्रिलपासून पट्टीला कुणी हात लावला नव्हता. नवे डबे तपासणीविना फळीवर रांगेत पडून होते. व्हर्लिन कुणाशी न बोलता तपासणीच्या रुळापाशी गेला आणि त्यानं खिशातून डबा काढून रुळावर ठेवला.

"पट्टी कोण लावतंय?" त्यानं विचारलं.

सगळे आपापल्या कपात बघू लागले.

"मी लावतो," ओरिन म्हणाला.

त्यानं पट्टी घेतली, चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळा डब्याच्या पातळीला आणला. या घटकेची त्यानं किती वर्षं वाट पाहिली असेल ते त्यालाच ठाऊक, पण तो हसत नव्हता. चाकं मोजली. छत मोजलं. मग खिडकीच्या खालच्या काठाला पट्टी लावली आणि तसाच थांबला. आर्डिसनं पर्सचा पट्टा मुठीत आवळला. हा आता 'चालतंय' म्हणेल, दया दाखवेल, आणि सगळं संपेल, असं तिला वाटून गेलं.

"खिडकी वाकडी आहे, व्हर्लिन."

"कुठली?"

"दोन्ही. पहिली जास्त."

"ठाऊक आहे. मीच कापल्यात, डाव्या हातानं."

"मग मी काय म्हणू?"

"इतकी वर्षं मी तुला काय म्हणत आलो? तेच म्हण."

ओरिननं पट्टी खाली ठेवली. "नापास," तो म्हणाला. नापास डबा क्लबात एकाच ठिकाणी जातो. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला, पलीकडच्या रुळावर नेऊन कामगाडीच्या स्वयंपाकाच्या डब्यामागे जोडला, आणि कळ दाबली. गाडी कुरकुरत निघाली. सगळी मंडळी तिथं गोळा झाली. एकानं विचारलं, छतावरची काजळी कुणी दिलीय, झकास मळवलंय. "माझ्या बहिणीनं," व्हर्लिन म्हणाला, "तिचा हात त्याच कामाला चालतो."

मग सगळे एकदम हसले आणि एकदम बोलायला लागले. व्हर्लिन वाकून गाडीकडे बघत होता. तोंडाची एक बाजू अजून नीट वळत नव्हती, पण दुसरी बाजू हसत होती, हे आर्डिसनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"ओरिन, तुझ्याकडे अजून असे किती नापास पडलेत? खिडक्या कापायचे राहिलेले?"

"खोकंभर आहेत. पण काहींची पार वाट लागलीय रे. फेकायचेच आहेत."

"ते मी बघतो. दे ते खोकं. हिवाळा मोठा आहे."

गाडी गरम करून ठेवते असं सांगून आर्डिस बाहेर आली, आणि स्टिअरिंगशी बसून मनसोक्त रडली. बर्फ भुरभुरायला लागलं होतं. थोड्या वेळानं कचेरीचं दार उघडलं. व्हर्लिन खोकं डाव्या काखेत घट्ट धरून एकेक पाऊल टाकत येत होता, आणि त्याच्या मागे त्याची काठी हातात घेऊन, जीव मुठीत धरून ओरिन.

आर्डिस डोळे पुसून खाली उतरली. "अरे, काठी का नाही घेतलीस?"

"दोन्ही कसं धरणार?" तो धापा टाकत म्हणाला. "उघड की दार. हात रिकामा नाही मला."

तिनं दार उघडलं.